पोरीला कुठल्या शाळेत घालायची? एका मैदानाची गोष्ट



एप्रिल संपत आला की गटाच्या बैठकीत हप्ते जमा होतात, वहीत सह्या होतात आणि मग एकच विषय निघतो. पोरीची चौथी झाली, आता पुढं कुठं घालायची? गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे, तिथंच राहू द्यायची, की शेजारच्या गावच्या हायस्कुलात पाचवीपासून नाव घालायचं? इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येते, तिचंही नाव निघतं, पण फीचा आकडा ऐकला की ते आपोआप मागं पडतं.

यंदा एका आईनं वेगळंच विचारलं. "माझी पोर खो-खो चांगली खेळते. तिचा खेळ कुठल्या शाळेत टिकेल?"

दोघी-तिघी हसल्या. खेळ बघून कुणी शाळा निवडतं का? पण उत्तर आमच्यापैकी एकीकडंही नव्हतं. म्हणून आम्ही चौघींनी दोन्ही शाळा जाऊन पाहिल्या. गावातल्या जुन्या गुरुजींकडं बसलो, तालुक्याच्या वाचनालयातही दोन दुपारी घालवल्या. मुळात पोरींच्या वाट्याला मैदान आलं कधी, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

खेळ आपल्याला नवा नाही, हे आधी सांगायला पाहिजे. आपल्या आज्या नागपंचमीला आणि मंगळागौरीला रात्र-रात्र खेळायच्या. झिम्मा, पिंगा, नाना तऱ्हेच्या फुगड्या. बसफुगडी घालून बघा एकदा, दहा गिरक्यांत मांड्या भरून येतात. ताकद होती, दम होता, चुरसही होती. पण तो खेळ सणापुरता आणि अंगणापुरता. गावात तालीम होती ती पुरुषांची, बहुतेक मारुतीच्या देवळाजवळ. तिच्या दारातून आत बघायचीही बायकांना चोरी.

पुण्यात जोतिराव फुले लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले, हे आपण ऐकलेलं असतं. त्याच जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्या काळी पोरीनं पाटी हातात धरायची म्हणजेच मोठी लढाई. शाळेत जाता-येता सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडत होतं. तिथं मैदानाचा विचार कोण करणार? पुढं कितीतरी वर्षं मुलींचं शिकणं म्हणजे वाचणं, लिहिणं आणि शिवणकाम एवढंच राहिलं.

खो-खो आणि हुतूतू आपल्या मातीतले. त्यांना कागदावरचे नियम मिळाले ते शहरात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमाराला खो-खोचे नियम बांधायला घेतले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही त्याच १९१४ सालचं. त्यांच्या पथकानं १९३६ मध्ये थेट बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. हे सगळं पुरुषांचं झालं. खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्यात सुरू झाली, तीही पुरुषांची. बायकांची पुढच्याच वर्षी कोल्हापुरात झाली. एका वर्षाचंच अंतर! आम्हाला वाटलं होतं पंचवीस-तीस वर्षांचं असेल.

खो-खो पोरींच्या हाती इतक्या लवकर आला, त्याचं कारण आम्हाला आमच्या गावात दिसलं. या खेळाला लागतं काय? दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि पोरी. चेंडू नाही, जाळी नाही, बूट नसले तरी चालतं. आमच्यातली सगळ्यात मोठी बाई सांगते, आम्ही परकर खोचून खेळायचो, गुरुजी पाठमोरे उभे राहायचे आणि नुसती शिट्टी वाजवायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. गावची शाळा आणि हायस्कूल यांत खेळाच्या बाबतीत एवढा फरक का, याचं मूळ आम्हाला जुन्या कारभारात सापडलं. १९३८ साली मुंबईजवळ कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. खेळ शिकवणं हेही शिकून करायचं काम आहे, हे मान्य झालं. पण असे शिकून आलेले शिक्षक मुख्यतः हायस्कुलांत गेले. प्राथमिक शाळा आधी लोकल बोर्डाच्या, मग स्कूल बोर्डाच्या आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्या ताब्यात आल्या. तिथं एकाच गुरुजींनी गणित शिकवायचं, मराठी शिकवायचं आणि कवायतही घ्यायची. लेझीम, कवायत, शिट्टी. गुरुजी हौशी असले तर संघ तयार व्हायचा. त्यांची बदली झाली की खांब गवतात आडवे पडायचे.

पाचवी ते आठवीचं वय या दोन कारभारांच्या मधोमध अडकलं. पूर्वी गावची शाळा चौथीपर्यंत, नाहीतर सातवीपर्यंत असायची. सातवीची फायनल झाली की मोठी परीक्षा पास झाल्यासारखं असायचं, ती पास झालेले लोक मास्तर व्हायचे. पोरीची सातवी झाली की बहुतेक घरांत तिच्या लग्नाचंच बोलणं सुरू व्हायचं. खेळ त्याच्या आधीच सुटलेला असायचा. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाळी येते, घरकाम वाढतं, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, आणि गल्लीतला कुणीतरी म्हणतो, आता मोठी झाली, धावते काय अशी?

मग २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. आपण त्यातलं मोफत शिक्षण तेवढं लक्षात ठेवलं. पण त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, ते आम्ही गुरुजींकडून वाचून घेतलं. प्रत्येक शाळेला मैदान हवं. खेळाचं साहित्य हवं. मुलामुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहं हवीत. आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल, तर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना अंशकालीन निदेशक, म्हणजे थोड्या वेळापुरते शिकवणारे शिक्षक हवेत.

शंभराच्या वर. आमच्या शाळेचा सहावी ते आठवीचा पट चौसष्ट. म्हणजे मैदानावर आमच्या पोरींचा हक्क आहे, पण त्या मैदानावर शिकवणाऱ्यावर नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी हिशोब केला असेल, खर्चाचा विचार केला असेल. पण लहान गावची पोर काही कमी धावत नाही. ही गोष्ट आम्हाला पटलेली नाही, आणि ती इथं बोलून ठेवतो.

आता त्या दोन शाळा.

हायस्कुलात खेळाचे सर आहेत, शिकून आलेले. कपाटात ढाली आहेत, कबड्डीची मॅट आहे. बघून डोळे दिपले. मग आम्ही विचारलं, सराव कधी असतो? शाळा सुटल्यावर, पाच ते साडेसहा. आमच्या गावची शेवटची एसटी सव्वापाचला. अहिल्याबाई होळकर योजनेतून पोरींना पास फुकट मिळतो, पण निघून गेलेल्या गाडीत पास काय कामाचा? मुलींच्या संघात आमच्या गावची एकही पोर नव्हती. बाहेरगावच्या कुठल्याच गावची नव्हती. ज्या गावात हायस्कूल आहे तिथल्याच सगळ्या. सरांच्या हे कधी लक्षातही आलं नव्हतं. आम्ही सांगितल्यावर त्यांनी वही काढून नावं तपासली आणि गप्प बसले. माणूस चांगला आहे.

गावच्या शाळेत तीन शिक्षक, तिघंही पुरुष. ढाल एकच, तीही काळवंडलेली. पण मधल्या सुट्टीत आम्ही पाहिलं तर पोरी बसल्या होत्या रांगेत, एकीआड एक तोंड करून, आणि एक गुरुजी कडेला उभे राहून ओरडत होते, "खो दे आधी, मग उठ!" रोज अर्धा तास. सहावीतल्या आणि आठवीतल्या पोरी एकत्र, कारण नाहीतर नऊ जणी भरत नाहीत. न खेळणारी पोरच नाही. स्वच्छतागृह आहे, पाणी मात्र बादलीनं न्यावं लागतं.

याच शाळेचं एक दुखणंही आहे. गेल्या वर्षी आमच्या पोरी केंद्रस्तरावर जिंकल्या. पुढं बीट, मग तालुका. पण त्या बीटला गेल्याच नाहीत. सोबत यायला बाई शिक्षिका नाही, म्हणून नाव मागं घेतलं. आयांना कळलं ते दोन दिवसांनी, पोरींच्या रडण्यावरून. जिंकून हरलेल्या पोरींना काय सांगायचं? शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालचा गट असतो. आठवीतल्या तिघींचं वय त्या वर्षी संपलं.

इथं कायद्याचं दुसरं पान उपयोगी पडलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आमच्या समितीत बायका होत्या, सह्या करायला. या वर्षी त्या बोलायला गेल्या. स्पर्धेला एक आई सोबत जाईल, तिचं भाडं समिती देईल, हे इतिवृत्तात लिहून घेतलं. समग्र शिक्षा योजनेतून खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला पैसे येतात, प्राथमिकला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजारांपर्यंत, तेही विचारलं. आले होते. त्यांतून एक क्रिकेटचा संच आणला होता आणि तो मुलांकडं होता. यंदा खो-खोचे दोन नवे खांब आले.

मोठी नावं आपल्याला लांबची वाटतात. पण ती आपल्यासारख्याच गावांतली आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारताची बाई धावपट्टीवरच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली. धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या भारताच्या खो-खो संघाची कर्णधार, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला हरवून जिंकला. त्या दिवशी आमच्या गावात समाजमंदिरासमोर फोनवर सामना लावला होता, एका फोनभोवती पंधरा बाया.

आमच्या सगळ्या पोरी तिथं पोचतील असं आम्ही म्हणत नाही. एकही पोचणार नाही कदाचित. त्या आईला ते नकोच होतं. ती म्हणाली, "पोर खेळून आली की भाकरी दोन खाते आणि डोळ्याला डोळा देऊन बोलते. मला तेवढंच टिकवायचंय."

म्हणून कपाटातल्या ढाली मोजून काही कळत नाही, हे आम्ही बैठकीत येऊन सांगितलं. सराव किती वाजता, घरी यायला गाडी आहे का, संघात कुठल्या गावच्या पोरी, स्पर्धेला सोबत कोण जातं, पाणी कुठं, आणि साधी पोर, जी संघात नाही, ती मैदानावर उतरते का, हे विचारा. पाचवी प्रश्नांत शाळेची परीक्षा होते. अभ्यासाचं तर विचाराच, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

जून आला. त्या पोरीचं नाव गावच्याच शाळेत राहिलं, निदान सातवीपर्यंत. आठवीला बघू म्हणाली आई. तिनं हायस्कुलाच्या सरांना निरोपही धाडलाय, बाहेरगावच्या पोरींचा सराव शाळा भरण्याआधी सकाळी घेता येईल का म्हणून. सर म्हणाले, मुख्याध्यापकांना विचारतो. त्यांचा निरोप अजून यायचाय.