गिरणगाव

मुंबई बेटाच्या मध्यभागातील कापडगिरण्यांचा व गिरणीकामगारांच्या वस्तीचा इतिहासप्रसिद्ध भाग. लालबाग, परळ, लोअर परळ, डिलाईल रोड, चिंचपोकळी, नायगाव, शिवडी, वरळी व प्रभादेवी हे विभाग त्यात सामान्यतः अंतर्भूत होतात. हे नाव शासकीय नसून लोकव्यवहारात रूढ झालेले आहे. एका उद्योगाच्या उदयास्ताबरोबर नागरी विभागाची लोकवस्ती व तिचे उत्पन्न कसे पालटते, याचे गिरणगाव हे ठळक उदाहरण होय.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील चार दशकांत गिरण्या उत्तरेकडे परळपर्यंत पसरल्या. कामगार मुख्यत्वे कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच साताऱ्यासारख्या घाटावरील जिल्ह्यांतून आले. तुटपुंज्या जमिनीवर कुटुंबाचा निर्वाह होत नसल्याने घरटी एकदोन पुरुष मुंबईस येत व बायकामुले गावी राहत. १८९६ च्या प्लेगमध्ये हजारो कामगार गावी परतले आणि साथ ओसरताच पुन्हा आले. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील शंभरांपैकी ८४ रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते आणि दर हजार पुरुषांमागे सु. ५२५ स्त्रिया होत्या.

या काळात गिरणगावातील उत्पन्न अल्प व अनिश्चित होते. कामगारांची भरती जॉबरमार्फत होई. बदली कामगारास रोज सकाळी दारावर उभे राहून काम मिळण्याची वाट पाहावी लागे. अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, हे त्यासाठी पुढे केलेले कारण होते. कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीत श्रमिक कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सु. ५२ रु. आढळले व शंभरांपैकी ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. एका खोलीत एकाच गावचे अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. खानावळी चालविणे हे अनेक स्त्रियांच्या उपजीविकेचे साधन होते. शासनाने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांची संख्या २०७ होती.

स्वातंत्र्योत्तर काळात कुटुंबे मुंबईत स्थिरावली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपासारख्या लढ्यांतून संघटित झालेल्या कामगारांना महागाई भत्ता व नोकरीची काही शाश्वती लाभली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींची भाडी गोठविली. त्यामुळे शहराच्या मध्यभागी राहणे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना शक्य झाले. मात्र चाळींची दुरुस्ती खुंटली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो औपचारिक रीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. अनेक कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही आणि कापडाचे उत्पादन भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे वळले. कामगारांना पहारेकरी, फेरीवाले, हमाल यांसारखी कमी मोबदल्याची कामे पत्करावी लागली. स्त्रियांच्या मिळकतीवरील कुटुंबांची भिस्त वाढली.

याच सुमारास गिरणीच्या उत्पादनापेक्षा तिच्या जमिनीचे मोल अधिक झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक असे तीन वाटे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकामविरहित मोकळ्या जमिनीपुरतीच मर्यादित केली. त्यामुळे सार्वजनिक वाटा फार घटला. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वैध ठरविली. गिरण्यांच्या जागी कार्यालये, मॉल व उंच निवासी मनोरे उभे राहिले. वरळी, लोअर परळ व प्रभादेवी यांचा समावेश असलेल्या जी-दक्षिण विभागाची लोकसंख्या २००१ मध्ये सु. ४.५८ लाख होती. ती २०११ मध्ये सु. ३.७८ लाखांवर आली. गर्दी मात्र ओसरली नाही. दिवसा कामास येणारा वर्ग वाढला व रात्री राहणारा घटला. जुन्या कुटुंबांपैकी अनेक डोंबिवली, विरार, बदलापूर अशा उपनगरांकडे गेली.

गिरणीकामगारांसाठी घरांची सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्जदार दीड लाखाच्या आसपास, तर घरे सात हजारांहून कमी होती. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातून पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ मध्ये त्याच ठिकाणी नव्या सदनिका मिळाल्या. स्थलांतर टाळता येते, हे त्यावरून दिसते.

गिरणगावच्या सरासरी उत्पन्नात झालेली वाढ बव्हंशी मूळ रहिवाशांच्या उत्कर्षातून आलेली नाही. ती मुख्यत्वे रहिवासी बदलल्यामुळे घडली आहे. केवळ विभागवार सरासरीवरून नागरी समृद्धीचे अनुमान काढल्यास हा भेद नजरेआड होतो.