‘आता घरी न्या’ यानंतरची सेवा : मरणासन्नांच्या शुश्रूषेचा जगभरचा इतिहास

“आता घरी घेऊन जा. जे खावंसं वाटेल ते द्या, सेवा करा.” दवाखान्याच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकले नाही असे कुटुंब आपल्या वस्तीत शोधूनही सापडायचे नाही. कॅन्सर शेवटच्या अवस्थेला गेलेला असतो, किडन्या निकामी झालेल्या असतात, किंवा फुप्फुसे साथ सोडत असतात. उपचार संपले असे सांगितले जाते. पण माणूस संपलेला नसतो आणि त्याचे दुखणे तर मुळीच संपलेले नसते. दहा बाय बाराच्या खोलीत तो रात्रभर कण्हतो आणि घरची माणसे भिंतीकडे तोंड करून जागी राहतात.

या वाक्यानंतर पुढे काय, हा प्रश्न जगातल्या काही लोकांनी मनावर घेतला. त्यातून जी सेवा उभी राहिली तिला हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत तिला उपशामक सेवा, परिहार सेवा अशी नावे आहेत. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि दुःखाचा निरोध करता येतो, हे आपण विहारात नेहमी ऐकतो. म्हणूनच वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत सदर सेवेचा इतिहास आपल्या बंधू-भगिनींपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

धर्मशाळेतून सुरुवात

‘हॉस्पिस’ या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या धर्मशाळेच्या जवळचा आहे. मध्ययुगात युरोपात वाटसरू, यात्रेकरू आणि आजारी माणसांना आसरा देणारी घरे असत, त्यांना हे नाव होते. पुढे सन १८४२ मध्ये फ्रान्समधील लिआँ शहरात जान गार्निए या विधवा स्त्रीने इतर विधवांना सोबत घेऊन मरणासन्न, निराधार रुग्णांसाठी संस्था काढली. १८७९ मध्ये आयर्लंडच्या डब्लिन शहरात आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅक्ने या गरीब वस्तीत ख्रिस्ती भगिनींनी अशीच घरे उघडली. तिथे अंथरूण मिळे, जेवण मिळे, मायेचा हात मिळे. पण वेदना थांबवण्याचे शास्त्र अजून कोणी नीट मांडले नव्हते.

ते काम केले सिसिली सॉन्डर्स या बाईंनी. त्यांचा जन्म १९१८ चा. आधी त्या परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले तेव्हा दवाखान्यातील समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये लंडनच्या दवाखान्यात डेव्हिड टाझ्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कॅन्सरने मरणाच्या दारात होता. वॉर्सा शहरातून आलेला, परक्या देशात वेटरचे काम करून पोट भरणारा, जवळचे कोणी नसलेला माणूस. मरताना लोकांना शांतता मिळेल असे घर असावे, यावर दोघांचे तासन्‌तास बोलणे होई. जाताना त्याने आपल्याजवळचे ५०० पौंड त्या न बांधलेल्या घराच्या एका खिडकीसाठी सॉन्डर्सबाईंच्या हवाली केले. घर उभे राहायला त्यानंतर १९ वर्षे लागली!

मरणाऱ्यांना एकटे टाकतात ते डॉक्टरच, तेव्हा तुम्ही डॉक्टर व्हा, असा सल्ला त्यांना एका सर्जनने दिला. तो मानून त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षापासून हॅक्नेच्या त्या घरात रुग्णांच्या नोंदी ठेवायला त्यांनी सुरुवात केली. तोवरची पद्धत अशी, की रुग्ण ओरडला की इंजेक्शन द्यायचे. म्हणजे दुखायचे, मग मागायचे, मग वाट पाहायची. बाईंनी मॉर्फिन तोंडावाटे, ठरल्या वेळी, दुखणे परत यायच्या आत द्यायला सुरुवात केली. रुग्ण गुंगीत न जाता उठून बसू लागले, घरच्यांशी बोलू लागले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वेदना एकट्या शरीराची नसते. माझ्यामागे पोरांचं काय होईल, कर्ज कोण फेडेल, मी कोणाचं काय वाईट केलं होतं, हे सगळे त्या एका कण्हण्यात असते. शरीर, मन, घरदार आणि जगण्याचा अर्थ, या चारही अंगांच्या दुखण्याला त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ म्हटले. १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात त्यांचे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. टाझ्माची खिडकी तिथे आहे. १९६९ पासून तिथल्या परिचारिका रुग्णांच्या घरीही जाऊ लागल्या. २००५ मध्ये सॉन्डर्सबाईंनी याच वास्तूत शेवटचा श्वास घेतला.

एका घरातून जगभर

ठिणगी दूरवर गेली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या परिचारिका महाविद्यालयाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी सॉन्डर्सबाईंचे व्याख्यान ऐकले आणि पुढे कनेक्टिकट राज्यात १९७४ मध्ये तिथले पहिले आधुनिक हॉस्पिस सुरू झाले. कॅनडात मॉन्ट्रियल येथे डॉ. बॅल्फर माउंट यांनी १९७५ मध्ये मोठ्या रुग्णालयातच असा वॉर्ड काढला. तिथल्या फ्रेंच भाषेत ‘हॉस्पिस’ म्हणजे अनाथ-अपंगांचे घर, म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द निवडला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘पॅलियम’ आहे, म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. रोग बरा करता येत नसेल तर निदान पांघरूण तरी घालावे, असा त्याचा भाव.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर छोटी पुस्तिका काढली. तिचे सूत्र साधे होते. औषध शक्यतो तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, आणि पायरीपायरीने वाढवा : आधी पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, मग कोडीन, आणि तेवढ्याने भागले नाही तर मॉर्फिन. यासाठी मोठे यंत्र लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. म्हणजे गरीब देशांनाही हे जमण्यासारखे होते.

हे खरोखर जमते हे युगांडाने दाखवले. लिव्हरपूलच्या डॉ. ॲन मेरिमन १९९३ मध्ये कंपाला शहरात आल्या, तेव्हा तो देश एड्सने होरपळत होता. त्यांनी मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून पिण्याचे औषध तयार केले आणि ते प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून घरोघर पोहोचवले. पण खेड्यात डॉक्टरच नाही, तर लिहून कोण देणार? २००४ मध्ये युगांडाने कायदा बदलला आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. श्रीमंत देशांनीही शिकावे असे हे पाऊल होते.

जपानमधला ‘विहार’

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट जपानमधली आहे. तिथे हॉस्पिसची कल्पना ख्रिस्ती रुग्णालयातून आली. बौद्ध परंपरेतल्या या सेवेला आपला शब्द हवा म्हणून तामिया मासाशी या अभ्यासकांनी १९८५ मध्ये शब्द सुचवला : ‘विहार’! १९९२ मध्ये नीगाता प्रांतातील नागाओका निशी रुग्णालयात ‘विहार’ वॉर्ड सुरू झाला. तिथे डॉक्टर व परिचारिकांच्या जोडीला निरनिराळ्या पंथांचे भिक्खू येतात, रुग्णाजवळ बसतात, त्याचे ऐकतात. वॉर्डातच बुद्धमूर्तीचे दालन आहे.

या शब्दामागे जुना आधार आहे. विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने खंगलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो संघाच्या काही उपयोगाचा उरला नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, त्याला आंघोळ घातली आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून सांगितले, की तुम्हांला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे. उपयोग संपला म्हणून माणसाची किंमत संपत नाही, हाच या साऱ्या चळवळीचा पाया आहे.

आपल्या देशात

भारतातले पहिले हॉस्पिस आपल्याच मुंबईत, वांद्र्याला, १९८६ मध्ये सुरू झाले. कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलेल्या या संस्थेचे नाव शांती अवेदना. अवेदना म्हणजे जिथे वेदना नाही. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही तिच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र सुरू झाले.

पण त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट घडत होती. मॉर्फिन अफूपासून बनते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि तिथली अफू बाहेरच्या देशांना औषधासाठी जाते. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन ठेवण्यासाठी चार-पाच परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे, लागू झाले. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. शिक्षेच्या भीतीने दुकानदारांनी व दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. शेत आपले, अफू आपली, आणि आपलाच माणूस तळमळत मरतो!

ही कोंडी फोडण्यात केरळचा मोठा वाटा आहे. १९९३ मध्ये कोळिकोड येथील मेडिकल कॉलेजात भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व सहकाऱ्यांनी लहानसा वेदना निवारण दवाखाना काढला. लौकरच त्यांच्या लक्षात आले, की रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाही. मग सेवाच त्याच्या दारी गेली. २००० नंतर मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या लोकांचे जाळे उभे राहिले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेत आणि आठवड्याचे दोन-चार तास देत. खर्च छोट्या छोट्या देणग्यांतून चाले. जखम धुणे, अंघोळ घालणे, घरात तांदूळ आहे का ते पाहणे, मुलांच्या शाळेची सोय लावणे, हे सगळे त्या सेवेत आले. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. महाराष्ट्रानेही नंतर असे धोरण केले.

राजगोपाल व त्यांच्यासारख्यांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फिनसाठी एकाच परवान्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जीनिव्हात जागतिक आरोग्य सभेने सर्व देशांना ही सेवा आपल्या आरोग्यव्यवस्थेत आणण्याचे आवाहन केले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतो असा निर्वाळा दिला. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने लिहिलेले जगण्याच्या हक्काचे कलम असे शेवटच्या श्वासापर्यंत पोहोचले.

उरलेली वाट

म्हणून काम झाले असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. त्यांतले ७८ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. प्रत्यक्षात सेवा मिळते ती जेमतेम १४ टक्क्यांना. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला, की जगात वर्षाला मॉर्फिनच्या तुलनेत मोजलेली २९८.५ टन वेदनाशामके वाटली जातात आणि सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला त्यांतले ०.१ टन येते. म्हणजे अवघे शंभर किलो! विषमता मरणाच्या खाटेपर्यंत माणसाची पाठ सोडत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

“मॉर्फिन घेतलं की नशा लागते” ही भीती आपल्यातही आहे. ती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकांत अशी औषधे बेफिकिरीने, नफ्यासाठी खपवली गेली आणि लाखो लोक व्यसनात अडकले. पण जाणत्या डॉक्टर-परिचारिकेच्या देखरेखीत, मोजून-मापून, कॅन्सरच्या रुग्णाला दिलेले औषध ही वेगळी गोष्ट आहे. केरळ आणि युगांडाने ती सांभाळून दाखवली आहे. भीतीपोटी औषधच नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वाचक बंधू-भगिनींनो, हा इतिहास वाचून पुढे काय, असे कोणी विचारील. आमचे सांगणे एवढेच, की केरळातल्या लोकांजवळ जे होते ते आपल्याजवळही आहे : हॉल आहे, महिला मंडळ आहे, तरुण मुले आहेत, आणि कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे हे आपल्याला ठाऊक असते. दर रविवारच्या वंदनेनंतर चार जणांनी अशा एका घरी जावे. रुग्णाची कूस बदलायला घरच्यांना शिकवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. त्याचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे. दुखणे किती वाजता येते ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे आणि “याला वेदना थांबवायचं औषध मिळेल का?” असे न लाजता विचारावे. घरच्या सुनेला किंवा मुलीला दोन तास झोप मिळेल अशी पाळी लावावी. आणि रुग्णाला काय बोलायचे आहे ते ऐकावे. उगाच “काही नाही, बरं होईल” म्हणून त्याचे तोंड बंद करू नये.

पुढील वर्धापनदिनापर्यंत आपल्या वस्तीत अशी निदान एक तुकडी उभी राहावी, एवढीच मंगल कामना करून आम्ही हा लेख पुरा करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!