फोटोत न आलेल्या वहिनी

दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, मी तालुक्यातल्या एखाद्या जखमी माजी सैनिकावर बातमी करतो. मागे अशाच एका घरी गेलो होतो. पाठीच्या कण्याला इजा झालेली, कमरेखाली संवेदना नाही. आमचं बोलणं चालू असताना आत मोबाईलचा गजर वाजला. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, त्यांना कुशीवर वळवलं आणि परत आत गेल्या.

निघताना विचारलं, "गजर कसला होता, वहिनी?"

"दर दोन तासांनी वळवावं लागतं, भाऊ. नाहीतर पाठीला जखमा होतात."

"रात्रीपण?"

"रात्री काय जखमा सुट्टी घेतात होय?"

मी हसलो, गाडीला किक मारली. बातमीत हे एक अक्षरही लिहिलं नाही. फोटोतही त्या नव्हत्या.

नंतर जुना इतिहास वाचताना लक्षात आलं, ही चूक माझ्या एकट्याची नाही. जखमी सैनिकांसाठी आपल्याकडे फार पूर्वीपासून काम झालंय, आणि त्यातलं बरंचसं पुण्यात. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या जवानांना हातकाम शिकवायला १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र आलं. ६५ आणि ७१ च्या युद्धांनंतर, १९७४ मध्ये, कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक केंद्र उभं राहिलं. सगळी मोलाची कामं. पण जो जवान घरी राहतो, त्याचं रात्री-अपरात्री कोण बघतं? बायको. तिच्यासाठी काय?

शंभर टक्के अपंगत्व असेल आणि कायम मदतनीस लागत असेल, तर पेन्शनसोबत भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगात तो महिना ६,७५० रुपये झाला. तो मिळतो जवानाच्या नावावर. आणि पैशाने झोप भरून निघत नाही.

अमेरिकेलाही हे उशिराच कळलं. तिथे २०१० मध्ये कायदा झाला. सांभाळणाऱ्या माणसाला दरमहा मानधन, प्रशिक्षण, समुपदेशन आणि वर्षाला किमान ३० दिवस विश्रांती. तेवढे दिवस जवानाला बघायला दुसरी सोय सरकार करतं. पण आधी हे फक्त ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांसाठी होतं. व्हिएतनाम युद्ध १९७५ ला संपलं, त्या जवानांच्या बायकांना २०२० पर्यंत थांबावं लागलं. तोवर त्या स्वतःच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

आपल्या वहिनींनी किती थांबायचं?

विश्रांती म्हणजे चैन नव्हे. उचलून-उचलून तिची कंबर गेली, तर त्या घरात दोन रुग्ण होतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बैठकीत हा विषय कुणीतरी मांडायला हवा. मी मांडणार आहे, माजी सैनिक संघटनांनीही साथ द्यावी.

तोवर आपण एवढं तर करू शकतो. शेजारी असं घर असेल, तर आठवड्यातली एक दुपार तिथे जाऊन बसा. वळवायचं कसं ते वहिनींकडून शिकून घ्या. त्यांना दवाखान्यात जाऊ द्या, माहेरी जाऊ द्या, नाहीतर नुसतं झोपू द्या.

येत्या २६ जुलैची बातमी मी त्या वहिनींना विचारून लिहिणार आहे.