नंदुरबारच्या उन्हाळ्यात रीफ टँकची अल्कलिनिटी का वाढते?

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या धर्तीवर सजवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, अल्कलिनिटी टिकवायला रोज काहीतरी घालावं लागतं, असा सल्ला परदेशी व्हिडिओंत हमखास मिळतो. नंदुरबारमध्ये अडचण नेमकी उलटी होऊ शकते.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. खारटपणाशी तिची गल्लत करू नये. समुद्रात ती साधारण ७ डीकेएच असते. घरी ७ ते ९ पुरते, फक्त आकडा स्थिर हवा.

कठीण प्रवाळ बायकार्बोनेट आणि कॅल्शियम वापरून चुनखडीचा सांगाडा बांधतात, म्हणून त्यांच्या टाकीत ती रोज घटते. भारतात मात्र हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा काढून आणणं हा गुन्हा आहे. मासे आणि कृत्रिम दगड एवढंच असलेल्या टाकीत बायकार्बोनेट वापरणारं फारसं कोणी नसतं.

मग ती वाढते कशी?

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ही तूट बोअरच्या पाण्याने भरली की नवं बायकार्बोनेट आत येतं. समजा बोअरचं पाणी १७ डीकेएच आहे (लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम) आणि १०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडतं. मग अल्कलिनिटी रोज ०.३४ ने चढते. दहा दिवसांत ८ चे ११ च्या वर! पुढे हीटर-पंपावर पांढरा थर बसू लागतो.

उपाय सोपा आहे: तूट आरओच्या पाण्यानेच भरायची. पण घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल, तर तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्यामुळे ते पाणीही किटने तपासलेलं बरं. टीडीएस मीटर अल्कलिनिटी दाखवत नाही.

वीज गेल्यावर

पंप बंद पडला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. अल्कलिनिटी मात्र तेवढीच राहते. अशा वेळी घाईने सोडा घालू नये. बॅटरीवरचा एअर पंप लावावा.

किटवर आकडा खरोखरच कमी दिसला, तर १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तो आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचा, आणि दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढ करायची नाही.