राख होण्याआधी

कापसाची वेचणी संपली की विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्यापुढे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, प्रश्न उभा राहतो. त्यांवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून त्या शेतात ठेवायच्या नाहीत. गुरं त्या खात नाहीत. चुलीपुरत्या घरी येतात आणि उरलेल्या बांधावर पेटतात. थोड्या वेळात ढिगाची राख होते. अलीकडे शेतकऱ्याला वेगळाच सल्ला मिळू लागला आहे: आग राखेपर्यंत जाऊ देऊ नका, मध्येच विझवा आणि झालेला कोळसा मातीत घाला. याला बायोचार म्हणतात. त्यावर कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेत जाऊ न दिलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळतं, म्हणून कंपन्याही गावात येऊ लागल्या आहेत. नाव नवं असलं तरी काम फार जुनं आहे. ज्यांनी ते सुरू केलं त्यांनी कोळशासोबत मातीत आणखी बरंच काही घातलं होतं, आणि नेमकं तेच आज विसरलं जातं आहे.

ते लोक अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. हे खोरं वरून हिरवंगार दिसतं, पण तिथली बहुतेक जमीन निःसत्त्व आहे. हजारो वर्षांच्या पावसानं अन्नद्रव्यं धुऊन नेलेली तांबडी-पिवळी, आम्लधर्मी माती. याच खोऱ्यात नद्यांकाठच्या उंचवट्यांवर मधूनमधून काळ्याभोर मातीचे पट्टे लागतात, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खोल. स्थानिक पोर्तुगीजमध्ये तिला ‘तेर्रा प्रेता’ म्हणतात. खणलं की खापऱ्या निघतात, माशांची हाडं निघतात आणि सगळीकडे विखुरलेले कोळशाचे कण निघतात. यातले कित्येक पट्टे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि आजही पिकतात.

ही माती माणसांनी केली, हे मान्य व्हायला फार काळ गेला. १५४१-४२ मध्ये स्पेनचा फ्रान्सिस्को दे ओरेयाना या नदीतून थेट समुद्रापर्यंत गेला. त्याच्यासोबतच्या गास्पार दे कार्वाहाल या पाद्र्यानं काठावरच्या दाट, मोठ्या वस्त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. पुढच्या प्रवाशांना तिथे जंगलच दिसलं आणि कार्वाहाल खोटा ठरला. मधल्या काळात युरोपातून आलेल्या रोगांनी त्या वस्त्या रिकाम्या केल्या होत्या. पण माती तिथेच होती. अमेरिकी निसर्गअभ्यासक हर्बर्ट स्मिथ यांनी १८७९ साली सांतारेमच्या परिसरातल्या काळ्या जमिनीबद्दल आणि तिच्यातल्या उसाबद्दल लिहिलं. तिचा कसून अभ्यास मात्र डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांच्या हातून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पडलेल्या दुष्काळातून त्यांचं कुटुंब तगलं ते घरच्या जमिनीच्या तुकड्यावर. त्या तुकड्यात पिढ्यान्‌पिढ्या राख आणि जळकं घातलेलं होतं. अ‍ॅमेझॉनची काळी माती पाहिल्यावर ती माणसानं केलेली असणार हे त्यांना लवकर उमगलं असेल, तर त्यात नवल नाही. अ‍ॅमेझॉनच्या मातीवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ साली आला.

ही माती मुद्दाम केली की उकिरड्यातून आपोआप झाली, हा वाद पुढेही चालू राहिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं त्यावर बराच प्रकाश टाकला. ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणारे कुइकुरो लोक आजही अशी माती तयार करतात आणि तिला ‘एगेपे’ म्हणतात. राख, कोळसा, माशांचे अवशेष, कसाव्याची सालं असं सगळं एका जागी टाकत राहायचं, वर्षानुवर्षं मुरू द्यायचं आणि मग तिथे लागवड करायची. एकटा कोळसा कुणीच पुरत नाही.

जपानमध्ये हेच शहाणपण भाताच्या तुसाला लागू झालं. मियाझाकी यासुसादा यांच्या १६९७ सालच्या शेतीग्रंथात भाजलेला काडीकचरा मैल्यात मिसळून काही काळ साठवायचा आणि मग खत म्हणून वापरायचा, असं सांगितलं आहे. तुसाचा कोळसा, म्हणजे कुंतान, तिथे आजही करतात. छोट्या आगीवर भोकं पाडलेलं पत्र्याचं टोपण ठेवायचं, त्याला वर धुराडं लावायचं आणि भोवती तुसाचा ढीग रचायचा. ढीग आतून काळा होत बाहेर येतो. वरच्या अंगाला काळे डाग दिसू लागले की फावड्यानं उलथायचं आणि सगळा काळा होताच पाणी ओतायचं. उशीर झाला की हाती राख.

सगळी कला त्या पाणी ओतण्याच्या क्षणात आहे. वाळलेल्या काडीच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. पूर्ण जळाली तर तो जवळजवळ सगळा हवेत जातो. कुजली तरी बहुतेक काही वर्षांत जातोच. हवा कमी ठेवून तापवली तर निम्म्याच्या आसपास कार्बन कोळशात उरतो, आणि हा कोळसा जिवाणूंना सहज पचत नाही, म्हणून शेकडो वर्षं टिकू शकतो. ७० टक्के कार्बन असलेला एक टन कोळसा म्हणजे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड. ब्राझीलमधल्या मानाउसजवळच्या काळ्या मातीवर काम केलेले योहानेस लेहमन आणि त्यांच्यासारखे इतर शास्त्रज्ञ गेल्या पंचवीस वर्षांत हे सांगत आले आणि मग बाजार जागा झाला. २०२५ मध्ये गूगलनं ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून बायोचारची एक लाख टनांची क्रेडिट्स २०३० पर्यंत घेण्याचा करार केला.

महाराष्ट्राला काडीकचऱ्याचा कोळसा नवा नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बसवली आणि त्यासाठी २००२ साली तिला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. कोकणात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजतात, पण तिथे हवी असते ती तण मारणारी धग आणि राख.

आता मातीबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात उष्ण प्रदेशांत बायोचारनं उत्पादन सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, समशीतोष्ण प्रदेशांत वाढलं नाही. फायदा झाला तो मुख्यतः आम्ल, निकस जमिनींत, कारण बायोचार स्वतः अल्कधर्मी असतो. कोकणातली जांभ्याची माती त्या जातीची आहे. विदर्भातली काळी माती आधीच अल्कधर्मी आहे, आणि पऱ्हाट्या आहेत त्या विदर्भात. हवेतला कार्बन कमी करण्याचा हिशेब दोन्हीकडे सारखा बसेल, पिकाचा बसेलच असं नाही. क्रेडिट विकणाऱ्यानं हा फरक शेतकऱ्याला सांगायलाच हवा.

म्हणून कुणी कोळसा घेऊन बांधावर आलं तर आधी माती तपासून घ्या आणि सामू (pH) पाहा. तो आठच्या वर असेल तर पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांपलीकडे जाऊ नका. आणि जमीन कोणतीही असो, कोरडा कोळसा तसाच पसरू नका. नवा कोळसा मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. तो शेणखतात, गोमूत्रात दोन-तीन महिने मुरवा आणि मगच शेतात न्या.