तिखटाची आवड कोणाची?

तिखटाच्या बाबतीत आमच्या भाषेचा न्याय दुटप्पी आहे. घाम पुसत झणझणीत रस्सा ओरपणारा पुरुष, तो खरा गडी. आणि फटकन उत्तर देणारी बाई, ती मात्र लवंगी मिरची! तिखट सोसणे हा पुरुषी स्वभाव, ही समजूत अशीच रुजली. ती कितपत खरी, हे पाहू.

प्रथम मिरचीचे वय पाहावे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि त्या शतकात मिरची या किनाऱ्यावर उतरली. ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात एकाही चुलीवर मिरची नव्हती. तिखटाची हौस मिरे, पिंपळी आणि आले यांवर भागे. पण मिरे विकत घ्यावे लागत, मिरची परसात उगवते. म्हणूनच ती गरिबाच्या भाकरीवर येऊन बसली.

आमचे गाव मुळशी तालुक्यातले ताम्हिणी. पाऊस उदंड, जमीन थोडी. घाटावरच्या अनेक घरांप्रमाणे आमचेही वडील मुंबईत गिरणीत होते आणि खानावळीत जेवत. गावी आले की त्यांना कालवण तिखटजाळ लागे. ही चव त्यांना लावली कोणी? गिरणगावात घरोघर खानावळ चालवणाऱ्या बायांनीच. याच बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. कामगाराच्या जिभेचा इतिहास त्यांच्या चुलीवर शिजला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मनिऑर्डर थांबली. वडील गावी परतले. पातेल्यातले कालवण रोज पातळ होत गेले. वडिलांना आणि आम्हा पोरांना वाढून झाल्यावर आई नाचणीच्या भाकरीवर खर्डा घेऊन बसे. आम्ही पोरे म्हणत असू, “आईला तिखटच आवडते.” तो जबाब आम्ही तिला न विचारताच लिहून टाकला होता.

आता शास्त्र काय म्हणते? मिरचीने जीभ भाजत नाही. भाजल्याचा निरोप तेवढा मेंदूला जातो. तो निरोप घेणारी यंत्रणा १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधली. त्या कामाबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मग माणूस ही आग मागून का घेतो? पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी मेक्सिकोत पाहिले, की मुलांना कोणी बक्षीस देऊन तिखट शिकवत नाही. घरची माणसे खातात ते पाहत, थोडेथोडे चाखत ती गोडी लागते. त्यांचा निबंध १९८० चा. पुढे २०१५ मध्ये नादिया बर्न्स आणि जॉन हेज या अमेरिकन संशोधकांना आढळले, की पुरुषांत तिखटाच्या आवडीचे नाते अधिक करून बक्षिसाच्या, शाबासकीच्या ओढीशी आहे, तर स्त्रियांत उत्कट अनुभवाच्या ओढीशी. ही पाहणी परदेशातली. ती ताम्हिणीला जशीच्या तशी लावू नये. पण आमच्या समजुतीला तिने धक्का दिला. पंगतीत शाबासकीसाठी मिरची चावणारे आम्हीही पुष्कळ पाहिले, आणि त्यांत आम्ही स्वतःही होतो. चुलीपाशी एकटी खर्डा खाणाऱ्या बाईला शाबासकी द्यायला कोण बसले होते?

पुढे आम्ही कामाला लागलो, घरात भाजी आली. तरी आईचा हात आधी खर्ड्याकडेच जाई. शेवटी एकदा विचारले. ती हसून म्हणाली, “आधी नाइलाज होता रे, मग गोडी लागली.”

आम्हांला वाटते, या एका वाक्यात सगळा इतिहास आला. केवळ नाइलाज म्हटला तर तिची गोडी हिरावून घेतल्यासारखे होते. केवळ आवड म्हटली तर तिची उपासमार झाकली जाते. मजुरीची मागणी लिहिताना आम्ही भाकरीचा हिशेब मांडतो. त्यात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरते, हेही मांडले पाहिजे. आणि आवडीचा निकाल देण्याआधी तिलाच विचारले पाहिजे.