मेघनेवरचा हवाई पूल
भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टरचे आगमन 1954 मध्ये अमेरिकी सिकोर्स्की एस-55 या यंत्राने झाले असले, तरी हेलिकॉप्टर तुकडी, म्हणजे तेथील परिभाषेत ‘हेलिकॉप्टर युनिट’, ही लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रनच्या सावलीतच दीर्घकाळ राहिली. डोंगरी चौक्यांना रसद पोहोचविणे व जखमींना हलविणे हेच तिचे काम मानले जाई. 110 क्रमांकाच्या युनिटचा वारसा मात्र 1971 च्या डिसेंबरातील भारत-पाक युद्धात घडला. त्याच्याकडील एमआय-4 हे सोव्हिएत बनावटीचे, पिस्टन इंजिनावर चालणारे आणि जेमतेम डझनभर सैनिक वाहणारे हेलिकॉप्टर होते. 7 डिसेंबरला तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील सिल्हेटजवळ गुरखा पलटण उतरविण्यात आली, आणि त्यानंतर दोनच दिवसांत आशुगंज येथील मेघनेवरचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने उडविला, तेव्हा चौथ्या कोअरचे सेनापती सगतसिंग यांनी ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या साहाय्याने नदी हवेतून ओलांडण्याचे ठरविले. पात्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर हेलिकॉप्टरांच्या सतत फेऱ्या चालवून फौज नेण्याच्या या पद्धतीस ‘हेलिब्रिज’ म्हणतात. 110 सह 105 व 111 या युनिटांची हेलिकॉप्टरेही या मोहिमेत होती. रात्रीच्या उड्डाणासाठी न बनलेली ही यंत्रे अंधारात, जमिनीवरच्या मिणमिणत्या दिव्यांच्या खुणांवर रायपुरा भागात उतरत राहिली, ही बाब युद्धाच्या वर्णनांत क्वचितच पुरेशी मांडली जाते. ढाक्याच्या वाटेवरचा सर्वांत रुंद अडसर असा मागे पडला आणि 16 डिसेंबरला तेथील पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली.